जुनं बिनशेपटीचं ग्लायडर परभणीत आणून उडवता येईल का?

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. परभणीच्या एका भावानं विचारलंय की फ्रान्समध्ये एक जुनं लाकडी फोवेल एव्ही-36 ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, विकायला निघालंय, शेपूट नसलेलं, म्हणजे एक पंख आणि मधी पायलटची छोटी डबी एवढंच, किंमत परवडण्यासारखी आहे, तर चौघा मित्रांनी पैसे घालून ते आणावं, वर्षभरात दुरुस्त करावं आणि मराठवाड्यातच कुठंतरी उडवावं असा विचार चाललाय. त्यांना काळजी एकच, स्पेअर पार्ट कुठून आणायचे. आणि जाता जाता हेही विचारलंय की नॉर्थ्रॉप या अमेरिकन कंपनीचं एन-9एमबी हे जुनं विमान चांगल्या म्युझियमकडं असूनही 2019 मध्ये पडलं, मग असली जुनी फ्लाइंग विंग, म्हणजे नुसत्या पंखाची बिनशेपटीची विमानं, उडती ठेवणं एवढं अवघड का असतंय.

मी लायसन्स असलेला मेंटेनन्स इंजिनिअर, मूळ अंबाजोगाईकडचा, सगळी नोकरी लाकूड, फॅब्रिक आणि स्टीलच्या नळ्यांच्या जुन्या विमानांवर गेली, इकडं पुष्पक नावाची एचएएलची छोटी कापडी विमानं आणि लाकडी ग्लायडर, मधली काही वर्षं युरोपात एका ग्लायडिंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये, तिथं फोवेलवरही काम केलं. नॉर्थ्रॉपच्या विमानांना हात लावलेला नाही, त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते नोंदीत आहे तेवढंच.

तर भाऊ, स्पेअर पार्टची काळजी सोडा. एव्ही-36 हे शार्ल फोवेलनं 1951 मध्ये उडवलेलं डिझाइन, शंभराच्या वर बनली, आणि त्याचे प्लॅन घरी बनवणाऱ्यांना विकले जायचे. म्हणजे ड्रॉइंग आहेत. लाकडी विमानाचं ड्रॉइंग हातात असलं आणि सुतारकामाचा हात असला की तुटलेली रिब म्हणजे पंखाची फासळी, कुजलेला फळीचा तुकडा, प्लायवूडची कातडी, सगळं परत बनवता येतं. लोखंडी फिटिंग वाळूजच्या चांगल्या मशीन शॉपमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक निघेल, फक्त स्टीलचं मिल सर्टिफिकेट सोबत पाहिजे आणि बोल्ट एअरक्राफ्ट ग्रेडचेच पाहिजेत, हार्डवेअरच्या दुकानातला हाय टेन्साइल चालणार नाही. हे सगळं जमण्यासारखं आहे.

खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. शेपटीवाल्या विमानात दुरुस्तीनं वजन थोडं वाढलं, आकार थोडा बदलला तर विमान ते बऱ्यापैकी सहन करतं. बिनशेपटीच्या विमानात सहन करायला शेपूटच नाही. त्यामुळं तुम्ही केलेली प्रत्येक चांगली दुरुस्तीसुद्धा, नवा कोट, नवी ठिगळं, नवं कापड, हे सगळं ते विमान कसं उडेल ते बदलून टाकतं. जुनं फ्लाइंग विंग एअरवर्दी, म्हणजे उडण्यालायक, ठेवणं म्हणजे वजनाचा आणि आकाराचा हिशोब वर्षानुवर्षं न चुकता ठेवणं. पार्ट बदलणं त्याच्या मानानं सोपं.

हे असं का ते जरा नीट सांगतो, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. बैलगाडी भरताना आपल्याकडं कुणीही सांगेल की माल आखाच्या जरा पुढं पाहिजे, मागं गेला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. विमानातही तसा एक बिंदू असतो, न्यूट्रल पॉइंट म्हणतात, सीजी म्हणजे वजनाचा मध्य कायम त्याच्या पुढं पाहिजे. शेपूट लावली की हा न्यूट्रल पॉइंट चांगलाच मागं सरकतो, म्हणून सीजीला पुढंमागं हलायला जागा मिळते. शेपूट काढली की तो पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण पाव भागावर येऊन बसतो आणि सीजीला मोकळी जागा उरते ती काही सेंटीमीटर. दुसरी गोष्ट डॅम्पिंगची. विमानाचं नाक वरखाली डोललं तर शेपूट ते डोलणं दाबते, आणि हा दाब शेपटीच्या अंतराच्या वर्गानं वाढतो, म्हणजे अंतर दुप्पट तर दाब चौपट. बिनशेपटीच्या विमानात हे अंतर जवळजवळ नाहीच, वर सगळं वजन पुढंमागं आखूड जागेत जमलेलं, त्यामुळं ते पटकन डोलतं, आणि पायलटनं घाईनं स्टिक हलवली तर डोलणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं.

नव्या फ्लाइंग विंगला हा त्रास का नाही असं कुणी विचारेल. अमेरिकेचं बी-2 बॉम्बर असो किंवा आपल्या डीआरडीओनं 1 जुलै 2022 ला चित्रदुर्गला उडवलेलं बिनपायलटचं फ्लाइंग विंग असो, त्यात कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा कंट्रोल हलवून विमान सरळ ठेवतो. जुन्या विमानात ते काम आकार करतो. पंखाचा पीळ, मागच्या कडेचा वरचा वळ, कंट्रोलच्या पाट्यांचं वजन, हाच त्या विमानाचा कॉम्प्युटर, आणि तो लाकडाचा आणि कापडाचा बनलेला आहे, ऊन लागलं की बदलतो, पाऊस लागला की बदलतो. मोठमोठ्या कंपन्यांनाही हे जड गेलंय. ब्रिटिशांचं आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ एडब्ल्यू-52 हे जेट फ्लाइंग विंग 30 मे 1949 ला हवेत एवढं जोरात डोलायला लागलं की पायलटला इजेक्शन सीटनं बाहेर पडावं लागलं, ब्रिटनमध्ये खऱ्या इमर्जन्सीत ती सीट वापरायची ती पहिली वेळ. आणि ते विमान तेव्हा जुनंही नव्हतं.

आता तुमच्या ग्लायडरचे आकडे घेऊ. पंख सुमारे 12 मीटर, क्षेत्रफळ 14 चौरस मीटरच्या जरा वर, रिकामं वजन सव्वाशे किलोच्या आसपास. म्हणजे पंखाची सरासरी रुंदी जेमतेम 1.2 मीटर. वरची आणि खालची बाजू धरली तर रंगवायचा पृष्ठभाग अठ्ठावीस चौरस मीटर. समजा रंगाऱ्यानं जीव लावून दोन कोट जास्त मारले आणि चौरस मीटरला शंभर ग्रॅम जास्त बसला, झाले पावणेतीन किलो. सीजी पंखाच्या पाव भागाजवळ, आणि रंग तर सगळ्या रुंदीवर पसरलेला, म्हणजे त्याचा मध्य सीजीच्या साधारण तीस सेंटीमीटर मागं. पायलट धरून दोनशे दहा किलोचं विमान असेल तर नुसत्या रंगानं सीजी चार मिलिमीटर मागं गेला. चार मिलिमीटर काहीच नाही असं वाटतं, पण मोकळी जागाच काही सेंटीमीटरची आहे, आणि रंगाच्या जोडीला नवं कापड, चार ठिगळं, जास्तीचा गोंद हेही आलं. लक्षात घ्या, फ्लाइंग विंगमध्ये तुम्ही काहीही वाढवलं तरी ते बहुतेक करून सीजीच्या मागंच पडतं. आणि भरून काढायला नाकात शिसं टाकावं तर नाकच आखूड, म्हणून शिसं जास्त लागतं, म्हणजे परत वजन वाढलं.

म्हणून माझा नियम असा की पहिलं काम वजनकाटा, रंगाचा डबा सगळ्यात शेवटी. विमान आलं की काही उघडायच्या आधी वजन करायचं, उघडल्यावर जे काही काढाल ते प्रत्येक तोलून वहीत लिहायचं, जे घालाल तेही, आणि शेवटी परत पूर्ण वजन. काटा धान्याच्या आडतीवरचा नको. विमान पुढच्या आणि मागच्या अशा दोन टेकूंवर ठेवून तोलतात, मागचा टेकू पुढच्यापासून दीड मीटरवर आहे असं धरलं आणि काट्यानं तिथं अर्धा किलो चुकीचा दाखवला तर कागदावर रिकाम्या विमानाचा सीजी सहा मिलिमीटर सरकतो, पायलट धरून साडेतीन, म्हणजे जवळजवळ वरच्या रंगाच्या हिशोबाएवढाच. वजन करताना शेडची दारं बंद, पंखे बंद, कारण बारा मीटरचा पंख झुळुकेनंही थोडा उचलला जातो आणि काटा खोटं बोलतो. विमान मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणं लेव्हल केल्याशिवाय आकडा लिहायचाच नाही.

रंगाचा दुसरा धोका सीजीपेक्षा वाईट, तो म्हणजे फ्लटर. कंट्रोलच्या पाट्या, म्हणजे विमान वरखाली करणाऱ्या आणि वळवणाऱ्या फळ्या, बिजागरीवर लटकतात, बिजागरीच्या मागं वजन वाढलं की एका ठराविक वेगाला त्या थरथरायला लागतात आणि काही सेकंदांत पंख तोडू शकतात. युरोपात असताना आमच्याकडं एक जुनं बिनशेपटीचं ग्लायडर आलं होतं, दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये नुकतंच रंगवलेलं, आरशासारखं चमकत होतं, मालक खूश. पाट्या काढून तोलल्या तर लॉगबुकातल्या आकड्यापेक्षा प्रत्येक पाटी जड, आणि जास्तीचं वजन सगळं मागच्या कडेला जिथं रंग घासून घासून भरलेला. तो सगळा रंग आम्ही उतरवला. मालकाला वाईट वाटलं, पण बॅलन्सचा आकडा जमेपर्यंत ते विमान बाहेर काढायचं नाही यावर हेड मेकॅनिक ठाम होता, आणि ते बरोबरच होतं. शेपटीवाल्या विमानातही हा नियम आहेच. पण फ्लाइंग विंगमध्ये पंखाचं वाकणं आणि अख्ख्या विमानाचं डोलणं हे दोन्ही एकमेकांत मिसळू शकतं, आणि ते थांबवायला शेपूट नसते, म्हणून तिथं सूटच नाही.

आता कापड. फोवेलचा पंख सरळ आहे, मागं वळवलेला नाही, म्हणून ते स्थिर राहावं यासाठी पंखाची मागची कड किंचित वर उचललेली असते, रिफ्लेक्स म्हणतात. म्हणजे वरच्या बाजूला मागच्या भागात पृष्ठभाग आत गेलेला, खोलगट. कापड ताणलं की ते सरळ रेषेत जायला बघतं, फुगीर रिबवर ते दाबून बसतं, पण खोलगट रिबवरून ते सुटून वर यायला बघतं. नुसतं चिकटवून भागत नाही, तिथं रिबला दोऱ्यानं शिवायलाच लागतं, टाके जवळ जवळ, आणि गाठी एकसारख्या. कापड दोन-तीन रिबवर जरी सुटलं तरी तिथला रिफ्लेक्स गेला, आणि ज्या वळणामुळं विमान नाक वर धरून उडतं तेच वळण गेलं. लँडिंगच्या आधी कळलं तर नशीब.

त्यात आजकाल सुती कापडाऐवजी पॉलिस्टर लावतात, टिकतं जास्त, मीही तेच सांगेन, पण ते इस्त्रीनं गरम करून आकसवावं लागतं आणि पूर्ण ताण बसवायला इस्त्री साडेतीनशे डिग्री फॅरनहाइटपर्यंत नेतात. जुन्या हलक्या रिब सुती कापडाच्या ताणाच्या हिशोबानं बनवलेल्या असतात. पोरं उत्साहात पूर्ण ताण देतात आणि मागची लाकडी कड दोन रिबच्या मधी आत वाकते, लाटेसारखी दिसायला लागते. ती लाट म्हणजे बदललेला आकार. कमी तापमानावर थांबायचं, इस्त्री थर्मामीटर लावून तपासायची, आणि प्रत्येक फेरीनंतर कडेला सरळ पट्टी लावून बघायचं. आत्ता त्यावर सुती कापडच असेल तर ताकद तपासून घ्या, ग्रेड ए कापड नवं असताना इंचाला 80 पौंड धरतं आणि 56 च्या खाली आलं की बाद.

पंखाच्या पिळाबद्दल एवढंच सांगतो की लाकडी पंखाचं नाक, म्हणजे स्पारच्या (पंखाच्या मुख्य लांब तुळईच्या) पुढचा प्लायवूडचा भाग, बंद नळीसारखा असतो आणि पंख पिळू न देण्याचं काम तोच करतो. दुरुस्तीसाठी तिथलं प्लायवूड कापून काढलं की पंख नुसत्या वजनानं पिळतो, तुम्ही वर नवं प्लाय चिकटवलं की तो पीळ कायमचा गोठला. म्हणून आधी जिग, म्हणजे पंख पक्का धरणारी चौकट, बनवायचा, पंख त्यात पूर्ण टेकवायचा, प्रत्येक रिबवर साचा ठेवून डिजिटल लेव्हलनं कोन लिहून ठेवायचा, डावा उजवा दोन्ही, आणि मगच करवत लावायची. स्पारला जोड द्यायची वेळ आली तर 1:12 उताराचा तिरपा जोड, त्याहून आखूड नाही. आणि सागवान कितीही चांगलं मिळालं तरी सागवान नाही, स्पारला सिटका स्प्रूस आणि कातडीला बर्च प्लाय, ते बाहेरूनच येईल, कागदासकट.

आत्तापर्यंतचं गोळा करून सांगायचं तर सुटे भाग बनवता येतील, पण प्रत्येक भाग वजन आणि आकार जपून बसवावा लागेल, आणि तो हिशोब चौघांतल्या एकानं नावावर घेतला पाहिजे. चौघांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही असं होतं.

पुढचा प्रश्न आपल्या हवेचा, आणि मराठवाड्यात हाच मला सगळ्यात जास्त टोचतो. त्या काळच्या ग्लायडरमध्ये दोन प्रकारचे गोंद सापडतात, एक केसीन, दुधातल्या प्रोटीनचा, तो ओल लागली की बुरशी धरतो आणि सुटतो, दुसरा युरिया फॉर्माल्डिहाइड, तो उष्णता आणि ओल दोन्ही मिळून हळूहळू ठिसूळ होतो, बाहेरून जोड एकदम चांगला दिसतो आणि आत काचेसारखा तडकलेला असतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये 42 डिग्री, हवा एवढी कोरडी की दाराच्या चौकटी आकसतात, पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त, आणि दोन-तीन महिन्यांत तीच हवा पावसानं ओलीचिंब. दरवर्षी हे एकदा. लाकूड आकसतं, फुगतं, जोडावर प्रत्येक वेळी ताण येतो. फ्रान्समध्ये थंड हँगरमध्ये जो जोड टिकला तो इथं दोन उन्हाळे टिकेल का हे जोड उघडून बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बघायचं कसं, तर आधी गोंद कोणता ते लॉगबुकात शोधा. मग छोट्या हातोडीनं किंवा नाण्यानं प्लायवूडवर टकटक करत जायचं, चांगल्या जोडावर आवाज भरीव येतो, सुटलेल्यावर पोकळ. आत एंडोस्कोप घालायचा, रिब आणि स्पारच्या कोपऱ्यात पातळ फीलर गेज शिरतं का बघायचं. मॉइश्चर मीटरनं लाकडातली ओल 8 ते 12 टक्के असेल तर ठीक, वीसच्या वर कुजण्याची भीती. आणि शेवटी, कमी महत्त्वाचा एखादा जोड मुद्दाम तोडून बघायचा. लाकडाचे तंतू फाटून आले तर गोंद जिवंत, नुसता गोंदाचा गुळगुळीत थर वेगळा झाला तर सगळा पंख उघडायची तयारी ठेवा. स्पारवर टॉर्च अगदी आडवा धरून बघा, कधीकाळी जोरात लँडिंग झालं असेल तर लाकूड दाबून चुरगळल्याच्या बारीक आडव्या रेघा त्याच उजेडात दिसतात, समोरून प्रकाश टाकला तर दिसत नाहीत. तशी रेघ दिसली तर सौदा तिथंच थांबवा.

शेड पत्र्याची असेल तर वरून थर्मोकोल किंवा फॉल्स सीलिंग, उत्तरेकडं खिडक्या, पंख जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब, कारण वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते. पिटो ट्यूबला, म्हणजे वेग मोजायच्या नळीला, कायम टोपी, नाहीतर कुंभारीण माशी दोन दिवसांत मातीनं बुजवते आणि एअरस्पीड शून्यावर राहतो, हे आपल्याकडं साध्या विमानांतही होतं. उंदीर सुती कापड आणि डोप, म्हणजे कापडावरचा लेप, दोन्ही कुरतडतात. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे मध्ये एकदा लाकडातून जाणारे सगळे फिटिंगचे बोल्ट टॉर्क तपासायचे, लाकूड आकसलं की ते सैल होतात, न चुकता होतात.

आणायचं कसं हाही एक मोठा विषय आहे. एव्ही-36 चा पंख एका तुकड्यात आहे, नाक काढता येतं आणि फिन, म्हणजे पंखावरच्या उभ्या पाट्या, दुमडतात, म्हणून ते ट्रेलरवर आडवं ठेवून न्यायचे. पंख 11.95 मीटर, चाळीस फुटी कंटेनरची आतली लांबी 12.03 मीटर, म्हणजे दोन्ही टोकांना मिळून आठ सेंटीमीटर जागा. बसतं, पण चौकट बनवून घट्ट बांधलं नाही तर बोटीवर टोकं आपटून येतील. बंद कंटेनरमध्ये समुद्रावर रात्री थंड, दिवसा गरम, आत अक्षरशः पाणी ठिबकतं, म्हणून ओल शोषणाऱ्या पिशव्या भरपूर. न्हावा शेवाहून परभणीपर्यंतच्या रस्त्याबद्दल मी काय सांगायचं. आल्यावर लगेच उघडायला घेऊ नका, सावलीत काही आठवडे तसंच राहू द्या, लाकडाची ओल इथल्या हवेशी जुळली की मगच मोजमाप घ्या.

एन-9एमबी बद्दल विचारलंय म्हणून लिहितो. नॉर्थ्रॉपला एक्सबी-35 हे 172 फुटी बॉम्बर बनवायचं होतं, त्याआधी शिकायला म्हणून साठ फुटी पंखाची चार छोटी विमानं बनवली, मधला भाग स्टीलच्या नळ्यांचा, बाहेरचे पंख लाकडाचे. पहिलं 27 डिसेंबर 1942 ला उडालं आणि 1943 च्या मे मध्ये पडलं, टेस्ट पायलट गेला, गिरकीत कंट्रोलवरचा जोर उलटा फिरतो हे तेव्हा कळलं आणि स्टिक पुढं ढकलायला हायड्रॉलिक मदत बसवावी लागली. चारपैकी शेवटचं एन-9एमबी तेवढं वाचलं. कॅलिफोर्नियात चिनोच्या प्लेन्स ऑफ फेम म्युझियमच्या लोकांनी ते बऱ्याच वर्षांच्या कामानंतर 1993 मध्ये परत उडवलं. बघा त्यात किती काय आलं, दुर्मिळ फ्रँकलिन इंजिनं दोन, प्रत्येकी 300 हॉर्सपॉवर, ती पंखाच्या आत पुरलेली, प्रोपेलर मागं. इंजिन पंखाच्या आत असलं की थंड हवा पोचवणं अवघड, आणि आग लागली तर ती थेट पंखाच्याच आत. 2006 मध्ये हवेत इंजिनला आग लागलीच, विमान उतरवलं, दुरुस्त केलं, 2010 मध्ये परत उडवलं. आणि 22 एप्रिल 2019 ला नॉर्कोला ते पडलं, पायलटही गेला. आता जगात एकही एन-9एम नाही.

यावर लोक दोन बाजूंनी भांडतात, उडवायला नको होतं म्हणणारे आणि उडवलं म्हणूनच आपल्याला ते बघायला मिळालं म्हणणारे. माझं मत असं की एकच नग उरलाय तर तो जमिनीवर ठेवावा. नॉर्थ्रॉपचंच आधीचं फ्लाइंग विंग एन-1एम अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियमकडं आहे, जर्मनीच्या हॉर्टन बंधूंचं फ्लाइंग विंग हो-229 तिथंच आहे, प्लायवूडचे थर सुटलेले, आणि त्यांनी ते नवं न करता जसं आहे तसं सांभाळायचं ठरवलं, मला ते पटतं. कारण त्या मूळ गोंदात आणि मूळ लाकडातच ती माहिती आहे. फोवेलची गोष्ट वेगळी, शंभरावर बनली, ड्रॉइंग आहेत, इंजिन नाही, वेग कमी. उडवायला हरकत नाही अशा विमानांत ते मोडतं, म्हणूनच मी तुम्हाला सरळ नको म्हणत नाही.

बाकीचं परिस्थितीवर आहे. डीजीसीएकडं, म्हणजे विमानांची परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याकडं, रजिस्ट्रेशन आणि एअरवर्दीनेस कोणत्या प्रकारात मिळेल हे पैसे देण्याआधी लेखी विचारा, 1 जानेवारी 2025 पासून 1934 च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम 2024 लागू झालाय, म्हणून कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका, माझ्याही नाही. आपल्या हवाई दलाचं उदाहरण घ्या, त्यांच्या व्हिंटेज फ्लाइटचं टायगर मॉथ आणि डकोटा दोन्ही इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन आले, कारण ते काम रोज करणारी माणसं तिथं आहेत. ग्लायडर ओढून वर न्यायला दुसरं विमान किंवा विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, लागेल, त्याची सोय कोण करणार. उन्हाळ्यात दुपारी संभाजीनगरच्या उंचीवर 42 डिग्रीला हवा साडेपाच हजार फुटांवरच्याएवढी विरळ होते, टेक ऑफ लांबतो, जमिनीवरून दिसणारा लँडिंगचा वेगही वाढतो. थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, मात्र मराठवाड्यासारखे कुठं मिळणार नाहीत, मार्च-एप्रिलमध्ये घारी बघितल्या की कुणालाही मोह होईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एव्ही-36 एकाच माणसाचं आहे, शेजारी इन्स्ट्रक्टर बसू शकत नाही, म्हणजे बिनशेपटीच्या विमानातलं तुमचं पहिलं उड्डाण एकट्याचंच. साध्या ग्लायडरवर चांगला हात बसलेला पायलट तुमच्या चौघांत नसेल तर तो आधी तयार झाला पाहिजे. त्याचं वजनही बघा, पायलट फार हलका असेल तर बॅलास्ट, म्हणजे भरीचं वजन, लागणार, आणि ती मर्यादा मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, अंदाजानं ठरवायची नाही.

मी तुमच्या जागी असतो तर यंदा विमान आणलंच नसतं. विकणाऱ्याला विचारून ते तिथल्याच क्लबच्या हँगरमध्ये, तिथल्याच रजिस्ट्रेशनवर ठेवता येतं का बघितलं असतं, चौघांपैकी दोघांनी एक उन्हाळा तिथं जाऊन फोवेल ओळखणाऱ्या माणसाच्या हाताखाली वार्षिक तपासणी केली असती. तोपर्यंत इकडं उरलेल्या दोघांनी ड्रॉइंगवरून एक रिब, मग दीड मीटरचा पंखाचा तुकडा बनवायचा, रिफ्लेक्सवर कापड शिवायचं, तो तुकडा मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये त्याच शेडमध्ये ठेवून पीळ किती बदलतो ते मोजायचं. खर्च थोडा, आणि तुमची शेड विमान ठेवण्यासारखी आहे का याचं उत्तर त्यातूनच मिळेल.

तरी आणायचंच ठरलं असेल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून एवढं मागवा. शेवटच्या वजनाचा तक्ता तारखेसह, कंट्रोलच्या पाट्यांचं वजन वेगळं लिहिलेलं, लॉगबुकातली दुरुस्तीची सगळी पानं, स्पारच्या मधल्या जोडाचे आडव्या उजेडातले फोटो वरून आणि खालून, आणि कोणता गोंद ते. वजनाचा तक्ता नाही म्हणाला तर दुसरं ग्लायडर शोधा. मिळाला तर इथंच टाका, स्पारचे फोटो मोठ्या साइजचे टाका म्हणजे रेघा दिसतील, मी रविवारी सकाळी बसून बघतो.